सदरा घरचा, डगला शिंप्याचा

1530 सालची गोष्ट. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री कॅथरीन राणीशी काडीमोड घ्यायच्या खटपटीत होता आणि ॲन बोलिनशी लग्न करायचं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. अशात ॲनच्या कानावर आलं, की राजाच्या सदऱ्यांचं लिनन शिवायला अजूनही कॅथरीनकडेच जातंय. कापड घेऊन जाणाऱ्या दरबाऱ्याला तिने बोलावून घेतलं आणि राजासमोरच फैलावर घेतलं. हेन्रीला कबूल करावं लागलं, की कापड आपल्याच हुकमाने गेलं होतं. पवित्र रोमन सम्राट पाचव्या चार्ल्सचा राजदूत युस्टास शापुई लंडनला होता, त्याने ही हकिगत पत्रात लिहून ठेवली म्हणून आपल्यापर्यंत आली.

ही गोष्ट वाचल्यावर मी शिवणाचं काम बाजूला ठेवून बराच वेळ नुसती बसून राहिले. हेन्रीच्या पदरी शिंपी काय कमी होते? त्याचे मखमली डगले, फर लावलेले झगे, सोन्याच्या तारेची कलाकुसर, हे सगळं पगारी कारागिरांच्या हातचं. आणि तरी अंगाला लागणारा सदरा बायकोने शिवायचा. ॲनला राग आला तो नेमका त्याच्यावर. डगला कोण शिवतं याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. पुढे तिची मुलगी एलिझाबेथ पाच-सहा वर्षांची असताना धाकट्या भावाला नववर्षाची भेट म्हणून स्वतःच्या हाताने शिवलेला तलम सदरा देते, तोही याच रीतीचा भाग.

रेनेसाँ फेअरला जायचं तर कपडे शिवायचे की विकत घ्यायचे, हा वाद मी गेली काही वर्षं ऐकते आहे, त्यात बोलतेही आहे. मला वाटतं त्याचं उत्तर त्या काळातल्या लोकांनीच देऊन ठेवलंय. पण आधी फेअर म्हणजे काय ते सांगते, कारण भारतातल्या वाचकांना त्याची कल्पना असेलच असं नाही.

1963 साली लॉस एंजेलिसजवळ फिलिस आणि रॉन पॅटरसन या जोडप्याने एका रेडिओ केंद्राच्या मदतनिधीसाठी जुन्या इंग्लिश जत्रेसारखी जत्रा भरवली. फिलिसबाई शिक्षिका होत्या, मुलांची नाटकं बसवायच्या. ती कल्पना इतकी रुजली की आज अमेरिकेत बहुतेक राज्यांत अशी जत्रा भरते. मिनेसोटाची, टेक्ससची, मेरीलँडची जत्रा सत्तरच्या दशकापासून चालू आहे. आम्ही शिकागोच्या उपनगरात राहतो, त्यामुळे आमची जत्रा म्हणजे ब्रिस्टलची. इलिनॉयची हद्द ओलांडून विस्कॉन्सिनमध्ये शिरलं की लगेच. जुलै ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, शनिवार-रविवार. तिथे साल असतं 1574, गाव असतं इंग्लंडमधलं ब्रिस्टल बंदर, आणि पहिली एलिझाबेथ राणी गावाला भेट द्यायला आलेली असते. राणी त्या वर्षी ऑगस्टमध्ये खरोखरच ब्रिस्टलला गेली होती. घोड्यावरून भाल्यांच्या झुंजी, रस्त्यावरची नाटकं, काचकाम करणारे, लोहार, चामड्याच्या वस्तू विकणारे, आणि या सगळ्यातून त्या काळचे कपडे घालून फिरणारे हजारो लोक. त्यातले पगारी कलाकार थोडे. बाकी सगळे तिकीट काढून आलेले हौशी. या कपड्यांना तिथे ‘गार्ब’ म्हणतात. ‘कॉस्च्युम’ म्हटलं की जुन्या लोकांच्या कपाळावर आठी येते.

पहिल्यांदा जाणाऱ्याने काय करावं? भाड्याने घ्यावं. फाटकाजवळच दुकान असतं, दिवसाचं भाडं आणि अनामत ठेवली की स्कर्ट, बॉडिस (ब्लाउजवर घालायची नाडीने आवळलेली चोळी), ब्लाउज मिळतं. शाळेच्या गॅदरिंगला आपण जिरेटोप आणि अंगरखा असाच आणत होतो. त्यात कमीपणा काही नाही. एक दिवस त्या कपड्यांत वावरून बघितलं की आपल्याला ही हौस पुढे न्यायची आहे का ते कळतं. ज्यांना न्यायची असते त्यांच्यापुढे मग हा वाद उभा राहतो.

शिवणारे म्हणतात, विकतचा माल खोटा. पॉलिस्टरचं ब्रोकेड, मागे चेन, नाडीच्या भोकांना पितळी आयलेट, म्हणजे धातूच्या कड्या. धातूचे आयलेट एकोणिसाव्या शतकात आले, 1574 च्या बाईच्या छातीवर ते कुठून येणार? यातल्या काहींना ‘टाके मोजणारे’ असं नाव पडलंय, कारण ते खरोखरच जवळ येऊन टाके बघतात. विकत घेणारे म्हणतात, आम्ही आठवडाभर नोकरी करतो, दोन मुलं आहेत, शनिवारी मजा करायला येतो, आमच्यामागे हा अभ्यास लावू नका. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. 1966 साली बर्कलीत सुरू झालेल्या ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह ॲनाक्रोनिझम’ या संस्थेचा नियम मला यात सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. सतराव्या शतकाआधीच्या पेहरावाचा ‘प्रयत्न’ दिसला पाहिजे, एवढीच त्यांची अट. प्रयत्न करणाऱ्याला दारातून परत पाठवत नाहीत.

पण दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की जुन्या काळी सगळे आपापले कपडे घरी शिवत. तसं नव्हतं. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये वरचे कपडे, म्हणजे पुरुषांचा आखूड, अंगाबरोबर बसणारा डबलेट, झगा, बायकांचा कर्टल, शिंपी बेतून शिवत. शिंपी बहुतेक पुरुष, त्यांचा संघ होता, उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी केल्याशिवाय कात्री हातात मिळत नसे. लिननचे कपडे, म्हणजे सदरे, स्मॉक (बायकांचा आतला लांब सदरा), टोपडी, गळपट्ट्या, बायका शिवत, घरी किंवा पैसे घेऊन. दोन वेगळी कापडं, दोन वेगळी कौशल्यं, दोन वेगळे हात.

आणि जुने कपडे विकत घेणं तर सर्रास चाले. लोकर आणि रेशीम इतकं महाग होतं, की कपडा फाटेपर्यंत फिरत राही. मालकाने टाकलेला नोकराला, नोकराने विकलेला जुन्या बाजारात, तिथून आणखी कुणाला. झगे मृत्युपत्रात नाव घालून ठेवले जात. थॉमस प्लाटर नावाचा स्वित्झर्लंडचा प्रवासी 1599 मध्ये लंडनला आला होता. त्याने लिहिलंय, की सरदार मरताना आपले उंची कपडे नोकरांना देऊन जातात, नोकरांना ते घालणं शोभत नाही, म्हणून ते नाटकवाल्यांना थोडक्यात विकून टाकतात. म्हणजे रंगमंचावरचा राजा खऱ्या सरदाराच्या उतरलेल्या कपड्यांत उभा असायचा! फिलिप हेन्स्लो या नाट्यगृहाच्या मालकाच्या हिशेबवहीत तर 1603 साली एका नाटकाच्या लेखकाला 6 पौंड दिल्याची नोंद आहे, आणि त्याच नाटकासाठी घेतलेल्या बाईच्या काळ्या मखमली झग्याला 6 पौंड 13 शिलिंग. लेखकापेक्षा झगा महाग.

हा आकडा मला फार बोलका वाटतो. त्या झग्याच्या किमतीत सिंहाचा वाटा कापडाचा होता, शिलाई त्यामानाने किरकोळ. कापड जपायचं, माणसाची मजुरी स्वस्त. आज सगळं उलटं झालंय. कापड स्वस्त आणि अमेरिकेतल्या माणसाचा तास महाग. शिवणं की विकत घेणं या वादाच्या मुळाशी हा उलटलेला हिशेब आहे, आणि तो समजून न घेता आपण खऱ्या-खोट्याच्या गोष्टी करत बसतो.

माझं मत सांगते. अंगाला लागतं ते घरी शिवा. वरचं, ज्याला त्याची कला येते त्याच्याकडून घ्या, आणि त्याची किंमत द्या.

स्मॉक शिवायला सुरुवात करावी असं मी प्रत्येकीला सांगते, त्याला कारणं आहेत. पहिलं कारण म्हणजे तो बेतायला कागदी पॅटर्न लागत नाही. अंगाचे दोन लांब आयत, बाह्यांचे दोन आयत, घेरासाठी बाजूला लावायच्या तिरक्या कळ्या, आणि काखेत एकेक चौकोनी तुकडा. एवढंच. त्या काळी मागाचा पन्हा अरुंद असे आणि कापड मोलाचं, म्हणून सगळे तुकडे सरळ रेषेत, एकमेकांत बसतील असे कापलेले. एक कळी उलटी ठेवली की दुसरी तिच्या शेजारी बरोब्बर बसते. संपूर्ण बेतल्यावर हातात चिंध्या जवळजवळ उरत नाहीत. आपल्याकडच्या जुन्या कळीदार कुडत्याचं बेतणं हेच, काखेतल्या चौकोनासकट. हजारो मैलांवरच्या लोकांनी महागड्या कापडाला एकच उत्तर काढलं, हे मला पहिल्यांदा जमिनीवर लिनन पसरून बसले तेव्हा लख्ख दिसलं.

तो काखेतला चौकोन शिवताना घाई करू नये. तो कर्णावर घडी घालून बसतो, दोन बाजू बाहीला, दोन अंगाला, आणि चारही कोपऱ्यांवर शिवण नेमकी जिथे थांबायला हवी तिथेच थांबवावी लागते. एक टाका पुढे गेला की चुणी पडते. मी तेवढा भाग हातानेच शिवते. लिननचा दोरा मेणावरून दोनदा ओढून घ्यायचा, म्हणजे तो गुंतत नाही आणि कापडातून जाताना बारीक करकर आवाज येतो. मग आतली माया, म्हणजे शिवणीबाहेर राखलेलं कापड, दुमडून तुरपाई. नीट केलेल्या शिवणीची उलटी बाजू सुलट्या बाजूसारखीच दिसते. बाकीच्या लांब सरळ शिवणी मी मशीनवर मारते आणि त्याबद्दल मला काडीचाही संकोच वाटत नाही. बाहेर दिसणारं हातशिलाईचं, आत लपणारं मशीनचं, हा बहुतेक नोकरदार हौशींचा रिवाज आहे.

दुसरं कारण उन्हाळ्याचं. शिकागोच्या बाजूचा जुलै दमट असतो, मुंबईच्या मे महिन्याची आठवण यावी इतका. पॉलिस्टरचा ब्लाउज आणि त्यावर पॉलिस्टरचा बॉडिस घातलेल्या बायका दुपारी सावली शोधत भेलकांडत असतात. शुद्ध लिननचा स्मॉक घाम पितो आणि वाऱ्याच्या झुळकीसरशी वाळतो, त्यामुळे वर लोकर असली तरी निभावतं. सोळाव्या शतकात वरचे लोकरीचे कपडे धूत नसत, झटकून ब्रशने साफ करत. धुवायचा तो स्मॉक, सदरा. अंगाचा मळ लिनन ओढून घेतं यावर त्यांची श्रद्धा होती, आणि पांढरा स्वच्छ सदरा ही माणसाच्या नीटनेटकेपणाची खूण. म्हणून गळ्याशी आणि मनगटाशी तो मुद्दाम थोडा बाहेर दिसू द्यायचा. तयार मिळणारे बहुतेक ‘रेनेसाँ ब्लाउज’ इथेच मार खातात. खांद्यावरून घसरणारा इलॅस्टिकचा गळा लावला की तो कपडा कुठल्याच शतकातला राहत नाही.

तिसरं कारण पैशाचं. तीन-साडेतीन वार बरं लिनन, दोरा, आणि काही संध्याकाळी. त्याच दर्जाचा हातशिलाईचा स्मॉक विकत घ्यायचा तर कितीतरी पट मोजावे लागतात, आणि तो आपल्या मापाचा असेलच असं नाही.

स्मॉकच्या वरचा थर म्हणजे कर्टल. अंगाबरोबर बसणारी चोळी आणि तिला जोडलेला घेरदार परकर. इथे मात्र घरचं आणि बाहेरचं यांची सीमा धूसर होते. शिंप्याचं काम खरं. पण माझा पहिला कर्टल मी घरी केला, कारण त्या उन्हाळ्यात सासूबाई सांगलीहून आमच्याकडे आल्या होत्या आणि त्यांनी तरुणपणी शिवणाचा क्लास चालवलेला. घट्ट बसणारा कपडा एकटीने स्वतःवर बेतता येत नाही. दुसरीचे हात लागतात. जुन्या चादरीचे तुकडे माझ्या अंगावर चढवून त्या टाचण्या लावत होत्या.

“अगं, हात वर कर. आता खाली वाक. श्वास घे बघू पोटभर.”

“घेता येतोय आई, पण काखेत काचतंय.”

“काचणारच. काख खोल कापू नकोस, उलट वर घे. जेवढी वर घेशील तेवढा हात सुटा राहील.”

हे कुठल्याही नवशिक्याला पटत नाही. काखेत घट्ट वाटलं की आपण तिथलं कापड कापून मोकळं करायला जातो, आणि मग हात उचलला की अख्खी चोळी वर येते. आईंना सोळाव्या शतकातलं काही माहीत नव्हतं. पण चोळी-ब्लाउज शिवून शिवून हातात बसलेलं ज्ञान होतं, आणि जॅनेट अरनॉल्ड या इंग्लिश अभ्यासिकेने संग्रहालयांतले मूळ कपडे मोजून जे आराखडे 1985 मध्ये छापले, त्यातल्या चोळ्यांच्या काखा अशाच वर आहेत. मी ती पानं आईंना दाखवली. त्यांनी चष्मा लावून बारकाईने पाहिलं, बोटाने रेषांचा माग काढला आणि म्हणाल्या, “शिंपी जाणता होता.”

अरनॉल्डबाईंबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. त्यांच्याआधी नाटकवाले चित्रांवरून अंदाजाने कपडे बेतत. बाई संग्रहालयांत जाऊन टाक्यांची दिशा, अस्तराचे जोड, दुरुस्तीच्या खुणा, सगळं तपासून कागदावर उतरवत. फ्लॉरेन्समध्ये 1562 साली दफन केलेल्या एलेओनोरा दि तोलेदोच्या झग्याचे अवशेषही त्यांनी असे अभ्यासले. आज जत्रेत फिरणारी जी बाई अंगावर नीट बसलेला कर्टल घालून दिसते, तिने बाईंचं नाव ऐकलेलं असो वा नसो, ती त्यांच्या ऋणात आहे.

कर्टलचं सगळ्यात वेळखाऊ काम म्हणजे नाडीची भोकं. कापड कापायचं नाही. दाभण घालून धागे बाजूला सारायचे, भोक रुंद करत न्यायचं, आणि मग कडेभोवती दाट टाके घालून ते तसंच उघडं धरून ठेवायचं. धागे तुटलेले नसल्यामुळे असं भोक वर्षानुवर्षं ताण सोसतं. धातूचा आयलेट मात्र कापड कापून बसवलेला असतो, आणि ताण पडला की एक दिवस उपटून हातात येतो. म्हणजे जुनी पद्धत दिसायला जुनी म्हणून चांगली नाही, ती टिकते म्हणून चांगली. भोकं समोरासमोर ठेवत नाहीत, एकाआड एक पायरीने ठेवतात, कारण नाडी एकच असते आणि ती गोल गोल वळत वर चढते. अशी नाडी एका हाताने ओढून आवळता येते.

एकदा ही भोकं स्वतः केली, की जत्रेतल्या दुकानात बॉडिसवर लावलेली किंमत वेगळी दिसायला लागते. दीडशे-दोनशे डॉलर बघून पूर्वी डोळे विस्फारायचे. आता मी आधी आत हात घालून अस्तर बघते, माया किती ठेवली आहे, काठ कसे बंद केलेत, पोटापाशी ताठपणा कशाने आणलाय, आणि बऱ्याचदा मनात येतं, की हिने आपल्या तासांचे पैसे धरलेलेच नाहीत. या दुकानदार बायका हिवाळाभर शिवतात, उन्हाळ्यात गाडीत माल भरून एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत जातात. त्यांच्याशी घासाघीस करू नये असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे भाजीवालीशीही घासाघीस होते, सवय हाडामांसात भिनलेली आहे, तरीही.

माझी तक्रार आहे ती चाळीस डॉलरच्या पुडक्याबद्दल. ऑनलाइन मागवलं की प्लॅस्टिकच्या पिशवीत ‘मेडीव्हल ड्रेस’ येतो, कागदासारखं पातळ कापड, छापील नक्षी. तो एवढ्या स्वस्तात कसा येतो? शिवणारे हात कुठेतरी आहेतच. फक्त त्यांची मजुरी इतकी खाली दाबलेली आहे, की आपल्याला ते हात दिसत नाहीत. सोळाव्या शतकातला ग्राहक निदान शिंप्याचं तोंड बघत होता.

बूट, पट्टे, चामडी पिशवी, टोपी, शिरस्त्राण या गोष्टी मी सरळ विकत घेते. चामडं शिवायला वेगळा जन्म लागतो. इथे एक गंमत वाटावी असा योग आहे. विस्कॉन्सिनच्या जत्रेत एका स्टॉलवर हौशी सरदार ज्या तलवारी आणि चिलखतं हौसेने उचलून बघतात, त्यातली बरीचशी आपल्या देहरादूनकडच्या कारखान्यांतून आलेली असतात. तिथल्या कारागिरांचा माल जगभरच्या ऐतिहासिक खेळांना आणि सिनेमांना जातो. मी आतल्या बाजूचा शिक्का मुद्दाम शोधते आणि तो सापडला की दुकानदाराला अभिमानाने सांगते.

टोपीचा विषय निघालाच आहे तर. 1571 मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा केला, की सहा वर्षांवरच्या सामान्य माणसाने रविवारी आणि सणाला इंग्लंडमध्ये बनवलेली लोकरीची टोपी घालायची, नाही तर दिवसाला 3 शिलिंग 4 पेन्स दंड. टोप्या विणणाऱ्यांचा धंदा वाचवायला. उमराव आणि प्रतिष्ठित घरच्या बायकांना सूट. तो 1597 मध्ये रद्द झाला. त्याआधी 1574 च्या जूनमध्ये राणीने फर्मान काढलं, की जांभळं रेशीम, सोन्याच्या तारेचं कापड, सेबल या प्राण्याची उंची फर कुणी वापरायची आणि कुणी नाही. म्हणजे आमच्या जत्रेतल्या त्या 1574 सालच्या ब्रिस्टलमध्ये माझ्यासारखीला जांभळं रेशीम घालायची परवानगीच नव्हती, आणि माझ्या नवऱ्याला रविवारी बोडक्या डोक्याने हिंडता आलं नसतं. आज जत्रेत पाहिलं तर निम्मी प्रजा राणीच्या थाटात असते. असू दे. पण साध्या, शेतकरी किंवा कारागीर घरच्या कपड्यांत जी शोभा आहे तिच्याकडे लोकांचं लक्ष जावं असं वाटतं. तपकिरी लोकरीचा कर्टल, पांढरं टोपडं, पुढे एप्रन. शिवायला सोपा, खिशाला परवडणारा, आणि इतिहासाला धरून.

“तुम्ही भारतीय, तुम्ही या जत्रेत कोण असता?” हा प्रश्न मला विचारतात, बहुतेक वेळा प्रेमाने. तो चांगला प्रश्न आहे. हे सोंग इंग्लंडचं आहे, पण त्या काळाचे धागे आपल्याकडेही येऊन पोचतात. राणीच्या ब्रिस्टल भेटीनंतर पाचच वर्षांनी, 1579 मध्ये, थॉमस स्टीफन्स नावाचा जेसुइट पंथाचा इंग्लिश धर्मप्रचारक गोव्याला उतरला आणि पुढे तिथेच राहून त्याने मराठीत ओव्या रचल्या, त्यांचं ख्रिस्तपुराण 1616 मध्ये छापलं गेलं. या इंग्लिश माणसाने लहानपणी घातलेला सदरा असाच आयत आणि चौकोनांचा असणार. आणि 1592 मध्ये इंग्रजांनी ‘माद्रे द देउस’ हे हिंदुस्थानातून निघालेलं पोर्तुगीज जहाज पकडून डार्टमथ बंदरात आणलं, तेव्हा त्यात मिरी-लवंगांबरोबर आपल्याकडचं सुती कापड आणि रजयाही होत्या. म्हणून मी माझ्या कर्टलच्या बाह्यांना आतून छापील सुती कापडाचं अस्तर लावलंय. बाही दुमडली की ते दिसतं. टाके मोजणारी एक बाई त्यावरून माझ्याशी वाद घालायला आली होती. आम्ही बाकावर बसून तासभर बोललो, आणि आता आमची घट्ट मैत्री आहे.

आमच्या मंडळाच्या गणपतीत शिवलेली नऊवारी घालणाऱ्या मुलींना नाकं मुरडली जातात, तेव्हा मला हाच वाद आठवतो. नेसायला शिकवणारी कुणी जवळ नसेल तर त्या मुलीने काय करायचं? शिवलेली नऊवारी घालून ती आली, हाच तिचा प्रयत्न. तिला आवडली तर पुढच्या वर्षी नेसायला शिकवू.

या हिवाळ्यात माझ्यासमोर रफचा प्रश्न आहे, म्हणजे गळ्याभोवतीची ती चुणीदार पांढरी तबकडी. नवऱ्याला सावकाराच्या वेषात यायचंय आणि त्याला रफशिवाय शोभा नाही. पाच-सहा मीटर तलम लिननची पट्टी, एका काठाला केसासारखी बारीक तुरपाई, दुसऱ्या काठाला शेकडो समान चुण्या ओढून गळपट्टीत बसवायच्या. हे काम मी विकत घेणार आहे. आमच्या जत्रेत एक बाई वर्षानुवर्षं फक्त रफ आणि मनगटपट्ट्या करते, तिच्या हाताची सफाई मला या जन्मात यायची नाही. मागणी आत्ताच नोंदवावी लागते, कारण तिच्याकडे वसंतापर्यंत रांग असते.

मी शिकणार आहे ती खळ घालायला. 1564 मध्ये डिंगेन व्हॅन डेन प्लास नावाची फ्लँडर्सची बाई लंडनला आली आणि रफला खळ कशी घालायची हे शिकवण्याचे तिने चार-पाच पौंड घ्यायला सुरुवात केली. खळ शिजवायची कशी, त्याचे वेगळे 20 शिलिंग. घरंदाज बायकांनी आपल्या मुलींना आणि नात्यातल्या पोरींना तिच्याकडे पाठवलं. रफ धुतला की त्याची घडी पूर्ण मोडते, दर वेळी नव्याने खळ घालून, ओला असतानाच चुण्यांत काड्या घालून एकेक वळण पुन्हा उभं करावं लागतं. सुती साड्यांना खळ घालणारी बाई घरात असल्यामुळे माझा अर्धा रस्ता आधीच झालाय. व्हिडिओ कॉलवर आईंना विचारलं, त्या म्हणाल्या, साबुदाण्याची पातळ ठेव, गाळून घे, आणि पहिल्यांदा लहान तुकड्यावर करून बघ. इंग्लंडमध्ये गव्हाची असायची म्हणे, असं मी सांगितल्यावर त्यांचं म्हणणं पडलं, की मग दोन्ही करून बघ आणि मला फोटो पाठव.